स्टीलच्या तारा नेक वाकवतात म्हणे! बासवाल्यांच्या त्या फॉरवर्डला उत्तर

बासवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल, मला तर चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला आणि त्यातले दोघे बास वाजवतच नाहीत. वर "बास गिटारच्या तारा घेताय? आधी हे वाचा!!" आणि खाली हिरवे टिकमार्क. मजकूर थोडक्यात असा: स्टेनलेस स्टीलच्या तारा करकरीत वाजतात, निकेलच्या गोड आणि उबदार. जुने दिग्गज निकेल वापरायचे म्हणून जुना टोन हवा तर निकेलच. स्टील वर्षभरात फ्रेट, म्हणजे बोटांखालच्या आडव्या धातूच्या पट्ट्या, खाऊन टाकतं. स्टीलला ताण जास्त, त्याने नेक, म्हणजे बासची लांब दांडी, वाकतो. स्टील गंजत नाही म्हणून कोकण-मुंबईच्या पावसात मात्र स्टीलच घ्या (वरचं सगळं ऐकून झाल्यावर हे!). आणि शेवटी, स्टील फक्त स्लॅप करणाऱ्यांसाठी (अंगठ्याने तार ठोकून वाजवणाऱ्यांसाठी), नवीन शिकणाऱ्याने चुकूनही घेऊ नये.

आता यात सगळंच खोटं आहे असं नाही, आणि तोच खरा त्रास आहे. पूर्ण थाप असती तर सोडून दिली असती. पण प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे आणि बाकी पीठ दुसऱ्याच गिरणीतलं, आणि हे वाचून एक पोरगा परवा मला विचारत होता की दादा माझ्या बासवर दुकानदाराने स्टील लावून दिलंय तर नेक जाईल का. म्हणून लिहायला बसलो.

आधी मुळातली गोष्ट, जी त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. "निकेलची तार" म्हणून आपण जी घेतो ती बहुतेक वेळा निकेलची नसतेच. बासची तार म्हणजे आत एक पोलादी गाभा, कोअर, आणि त्याच्यावर गुंडाळलेली दुसरी तार. गाभा दोन्हीकडे सारखाच, कडक हाय कार्बन पोलाद. फरक फक्त वरच्या गुंडाळीत. स्टेनलेसमध्ये ती स्टेनलेसची असते, आणि पाकिटावर "निकेल वाउंड" किंवा "निकेल प्लेटेड" लिहिलेलं असतं तेव्हा ती साध्या पोलादाची, वरून निकेलचा मुलामा दिलेली. त्या गुंडाळीत निकेल साधारण ८ टक्के, बाकी पोलाद. म्हणजे "स्टील विरुद्ध निकेल" ही जी कुस्ती लावलीय ती खरं तर एका प्रकारचं स्टील विरुद्ध मुलामा दिलेलं दुसरं स्टील अशी आहे. अस्सल, पूर्ण निकेलची गुंडाळी असलेला सेट वेगळा मिळतो, त्यावर स्पष्ट "प्युअर निकेल" लिहिलेलं असतं, त्याचा आवाज खरोखर मऊ आणि जुना वाटतो, आणि आपल्याकडे दुकानात गेलात तर तो सहसा नसतोच, मागवावा लागतो. मेसेज लिहिणाऱ्याने गुण प्युअर निकेलचे सांगितलेत आणि लोक घेऊन येतात प्लेटेड. एवढ्यावरच अर्धा मेसेज निकालात निघतो, पण असो, पुढे जाऊ.

"स्टील करकरीत, निकेल उबदार." हो, नवीन तारा, एकच जाडी, दोन्ही राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या), एकच बास, टोनचा नॉब पूर्ण उघडा, असं सगळं सारखं ठेवलं तर स्टेनलेस वरच्या बाजूला जास्त चमकतं. हे खरं आहे आणि ऐकू येतं, मी नाही म्हणणार नाही. निकेल चुंबकाला लोखंडापेक्षा कमी प्रतिसाद देतं, मुलाम्याने पृष्ठभागही गुळगुळीत होतो, बोट सरकताना खरखर कमी येते. पण या "सगळं सारखं ठेवलं तर" मध्येच सगळी गंमत आहे, कारण प्रत्यक्षात काहीच सारखं नसतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गुंडाळीचा आकार. गोल तार गुंडाळली तर राउंडवाउंड, चपटी पट्टी गुंडाळली तर फ्लॅटवाउंड. हा फरक इतका मोठा आहे की धातूचा फरक त्याच्यापुढे पाणी भरेल. जेम्स जेमरसन घ्या, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बासवाला, डेट्रॉइटचा, साठच्या दशकातल्या त्या सगळ्या रेकॉर्डिंगचा कणा. १९६२ चा फेंडर प्रिसिजन, वर ला बेला कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवाउंड तारा, आणि म्हणे तुटेपर्यंत बदलायचा नाही. बासच्या इतिहासात यापेक्षा उबदार, गोल, ठम्म असा आवाज दुसरा सांगता येणार नाही. आणि ती कंपनी आज त्याच्या नावाने जो ५२ ते ११० चा (हे आकडे जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) सेट विकते तो कशाचा आहे? स्टेनलेस स्टीलचा. फ्लॅटवाउंड. आता काय करायचं या "स्टील म्हणजे करकरीत" चं?

उलट बाजूने जॅको पास्टोरियस. फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेला, फेंडर जॅझ बास, मागचा पिकअप (तारेचं कंपन पकडणारं चुंबक), आणि तारा रोटोसाउंड कंपनीच्या स्टेनलेस राउंडवाउंड. गातो तो बास, अक्षरशः गळ्यातून आल्यासारखा. तो करकरीत आहे का? नाही. ब्राइट आहे का? आहे. ब्राइट आणि करकरीत हे दोन वेगळे शब्द आहेत हो, आपण उगाच एकाच डब्यात भरतो.

आणि तारांचं वय. हे तर कोणीच धरत नाही. नवीन स्टीलची झळाळी माझ्या घामट हातात तीन आठवड्यांत उतरते. मागे आमच्या ड्रमरकडे आम्ही एक उद्योग केला होता, माझ्या जॅझ बासवर प्लेटेड निकेलचा कोरा सेट लावून एक ओळ रेकॉर्ड केली, सरळ डीआय मधून, म्हणजे माइक न लावता थेट, आणि त्याच ओळीची दीड महिना जुन्या स्टीलवर केलेली रेकॉर्डिंग आधीपासून होती. दोन्ही त्याच जाडीचे, ४५ ते १०५. न सांगता सगळ्यांना ऐकवलं. पाच जण होते, पाचही जणांनी निकेलला स्टील म्हटलं. पाच जणांवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं, पण त्या दिवसापासून आमचा गिटारवाला "मला कानाने धातू कळतो" हे म्हणायचा थांबलाय, तेवढं पुण्य पुरे.

आता ते "जुने दिग्गज निकेल वापरायचे". कोणते जुने? फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास काढला आणि पन्नासच्या दशकात, साठच्या सुरुवातीला बासवर सगळीकडे फ्लॅटवाउंडच असायच्या. तो जो जुना टोन, जुना टोन म्हणून आपण डोळे मिटून मान डोलावतो तो चपट्या गुंडाळीचा टोन आहे, त्यात टोन नॉब बंद, ब्रिजच्या झाकणाखाली फोमची पट्टी, आणि वर्षानुवर्षं न बदललेल्या तारा. निकेलचा त्यात हात असेल तर करंगळीएवढा. आणि ज्या क्षणी बास पियानोसारखा खणखणीत वाजायला लागला तो क्षणही जुन्या दिग्गजांचाच आहे. १९६६ च्या सुमारास द हू या बँडचा जॉन एंटविसल इंग्लंडमध्ये रोटोसाउंडच्या जेम्स हाउबरोबर बसून तारा तपासत होता कारण त्याला हवा तसा आवाज कुठल्याच सेटमधून निघत नव्हता, आणि त्यातून स्विंग बास ६६ ही राउंडवाउंड स्टीलची तार आली. मग येस बँडचा ख्रिस स्क्वायर, रशचा गेडी ली, सगळे त्याच रस्त्याने. म्हणजे सत्तरच्या दशकातला रॉक बासचा जो आवाज तुमच्या काकांच्या कॅसेटींमध्ये आहे तो बऱ्याच अंशी स्टेनलेसचा आहे. जुना टोन असा एक नाही, दोन आहेत निदान, आणि मेसेजवाल्याने दोन्हींचं श्रेय चुकीच्या माणसाला दिलंय.

याच यादीतून शेवटचा मुद्दाही उडतो, स्टील फक्त स्लॅपवाल्यांना. मार्कस मिलर स्टील लावून स्लॅप करतो, आणि काय करतो, ते कबूल. पण एंटविसल, स्क्वायर, गेडी ली यांची ओळख स्लॅपची नाही. जॅको तर नाहीच नाही.

फ्रेट खाण्याचा मुद्दा. इथे मी थोडा नमतो. बासवरचे नेहमीचे फ्रेट ज्या मिश्रधातूचे असतात त्याला निकेल सिल्व्हर म्हणतात, पूजेचं तबक, निरांजन ज्याचं मिळतं ते जर्मन सिल्व्हर, तेच घराणं. नाव चांदीचं, आत चांदी औषधालाही नाही, तांबं, जस्त आणि १८ टक्क्यांच्या आसपास निकेल. हे स्टेनलेसपेक्षा मऊ असतं. कडक आणि खरखरीत वस्तू मऊ वस्तूवर घासली की मऊ झिजणार, यात वाद नाही, आणि स्टेनलेस राउंडवाउंडने फ्रेट मुलाम्याच्या तारेपेक्षा लवकर झिजतात हे गिटार दुरुस्त करणारा कोणीही सांगेल.

पण "वर्षभरात"? कुठून आणलं हे वर्ष? माझ्या मुख्य बासवर आठ वर्षं जवळजवळ सलग स्टील आहे, आठवड्यातून तीन-चार दिवस वाजतो, एकदाच फ्रेट ड्रेसिंग (फ्रेट घासून सारखे करणं) केलंय. दुसऱ्या टोकाला ओळखीतला एक जण आहे, निकेलशिवाय काही लावत नाही, त्याचे पहिले पाच फ्रेट दोन वर्षांत खड्डे पडलेले, कारण गडी तार अशी दाबतो की जणू ती पळून जाणार आहे. बोटाचा जोर, अ‍ॅक्शन म्हणजे तार फ्रेटपासून किती उंच, व्हायब्रेटो करताना तार आडवी किती ओढता, रोज किती तास, हे सगळं मिळून फ्रेटचं आयुष्य ठरतं आणि धातू त्यातला एक भिडू. शिवाय फ्रेटच स्टेनलेसचे असलेले बास आता सर्रास मिळतात, त्यांना ही चिंता नाहीच.

फ्रेटलेसवाल्यांनी मात्र सांभाळा, आणि तिथे धातू विचारू नका, आकार विचारा. कुठलीही राउंडवाउंड लाकडावर कानशीसारखी चालते. जॅकोने फिंगरबोर्डवर बोटींना लावतात ते इपॉक्सी चढवलं ते त्याच्यासाठीच. रोजवुडचा बोर्ड असेल आणि इपॉक्सी नसेल तर फ्लॅटवाउंड लावा, स्टीलच्या का असेनात.

आता ताण. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो कारण हा साधा शाळेच्या फिजिक्सचा आहे, सायन्सवाल्यांनी अकरावी-बारावीला सोनोमीटर, म्हणजे तारेचा ताण आणि सूर मोजायचा प्रयोग, केलेला असतो. तारेची लांबी ठरलेली (बासला बहुतेक ३४ इंच), सूर ठरलेला (जाड ई म्हणजे ४१ हर्ट्झच्या जरा वर), मग ताण ठरतो तो फक्त तारेच्या दर इंचाच्या वजनावर. वजन जास्त तर त्याच सुराला ताण जास्त. संपलं. धातूचं नाव या सूत्रात कुठेच येत नाही, येते ती घनता. आणि घनता बघाल तर निकेल ८.९, स्टेनलेस पावणेआठच्या आसपास. म्हणजे एकाच जाडीला खरी निकेलची तारच किंचित जास्त ताणाची निघेल, मेसेजच्या बरोब्बर उलट! आणि प्लेटेडमध्ये निकेल एवढंसं असल्याने तिची आणि स्टेनलेसची तफावत इतकी बारीक की कंपनीने गाभा थोडा जाड-बारीक केला तरी ती गिळून जाईल.

तानपुरा वाजवणाऱ्यांना हे न सांगता कळतं. मिरजेच्या तानपुऱ्याला खर्जाची तार पितळेची आणि जोडीच्या पोलादी, ते काय उगाच नाही, पितळ जड, खालच्या सुराला तिथे वजन लागतं.

मग लोकांचे नेक वाकतात ते का? एक खरी गोष्ट सांगतो. माझा मित्र, ठाण्यात राहतो, ४०-६०-७५-९५ चा निकेल सेट वापरायचा. गणपतीचा ऑर्केस्ट्रा होता, जाड आवाज हवा म्हणून त्याने जुलैमध्ये ५०-७०-८५-१०५ चं स्टील चढवलं. ऑगस्टमध्ये फोन, अरे नेकला पोट आलंय, सातव्या फ्रेटपाशी तारेखालून पोस्टकार्डांची गड्डी जाईल, स्टीलने वाट लावली. आता बघा काय काय झालंय. तारेची जाडी वाढली की वजन वर्गाच्या हिशोबाने वाढतं, शंभराची एकशेपाच केली तरी सुमारे १० टक्के, इथे तर पंच्याण्णववरून एकशेपाच, म्हणजे नुसत्या ई तारेचं वजन वीस-बावीस टक्क्यांनी वाढलं, बाकीच्या तिन्ही पण जाड झाल्या. त्यात जुलै, लाकूड पाणी पितं, नेक तसाही हलतो. आणि ट्रस रॉडला, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या धातूच्या दांडीला, कोणी हात लावला नव्हता, त्याची अ‍ॅलन कीच हरवलेली. यात स्टीलचा गुन्हा काय? हीच जाडी निकेलची असती तरी हेच झालं असतं. रॉड हळूहळू पाव-पाव फेरा फिरवला, दोन दिवसांत नेक जागेवर. ऑर्केस्ट्रा पण छान झाला, मोरयाला बास असा घुमला की मागची कमान हलत होती.

बाय द वे कोणाला खरंच ताण कमी करायचा असेल तर ई तार उतरवून डी करा, त्या तारेचा ताण २० टक्क्यांनी खाली येतो. कुठल्याही धातूत.

स्टील "कडक" लागतं बोटाला, हे मात्र सगळे म्हणतात आणि मलाही लागतं. पण तो ताण नाही, ती खरखर आहे. स्टेनलेसचा पृष्ठभाग कोरडा असतो, बोट अडतं, आणि मेंदू त्याला ताण समजतो. तार वाकायला किती सोपी ते गाभ्यावर, तो षटकोनी आहे की गोल, जाड आहे की बारीक यावर ठरतं.

पावसाळा आणि गंज. मला वाटतं मेसेजमधला हा एकच मुद्दा आपल्याकडच्या माणसाने स्वतः घातलाय, बाकी इकडून तिकडून उचललेलं, म्हणून याच्याबद्दल जरा आपुलकी आहे. आणि अर्धं बरोबरही आहे. स्टेनलेसची गुंडाळी गंजाला चांगली तोंड देते. मुलाम्याच्या तारेचं तसं नाही, जिथे फ्रेटवर घासून मुलामा उडतो तिथे खालचं साधं पोलाद उघडं पडतं, आणि रत्नागिरी, पणजी, मुंबई इथल्या हवेत त्याला लाल व्हायला वेळ लागत नाही. पण गाभा दोन्हीकडे तोच, हाय कार्बन, आणि तो स्टेनलेस नाही! गुंडाळीच्या फटीतून घाम आत गेला की तो आतून गंजतो, आणि कापलेल्या टोकाशी तर हमखास. माझ्या स्टीलच्या तारा मशिन हेडच्या (तार पिळायच्या खुंटीच्या) दांडीपाशी गंजलेल्या मी स्वतः काढल्यात.

आणि मुख्य म्हणजे तार "मरते" ती गंजून नाहीच बहुतेक वेळा. ती मरते मळाने. राउंडवाउंडच्या खाचांमध्ये त्वचेचं तेल, घाम, मेलेली कातडी, वडापाव खाऊन न धुतलेले हात, हे सगळं जाऊन बसतं, तार जड आणि असमान होते, वरचे स्वर दबतात, आणि पुढे इंटोनेशन, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर बरोबर लागणं, पण जुळेनासं होतं. म्हणूनच तर जुने लोक तारा काढून पाण्यात उकळायचे आणि त्या पुन्हा जिवंत व्हायच्या, गंज असता तर उकळून गेला असता का? (उकळू नका, पाणी आत राहतं आणि मग खरंच गंज लागतो. तारा काढून एका बंद नळीत स्पिरिटमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी पुसून वाळवा. स्पिरिट गॅसजवळ नको, हे सांगायला लागू नये पण सांगतो.) माझ्या एका सेटने असे तीन जन्म घेतलेत. वाजवून झाल्यावर जुन्या बनियनच्या कापडाने खालून-वरून पुसलं तरी तारेचं आयुष्य वाढतं, कुठल्याही धातूचं. हात फारच घामट असतील तर कोटेड तारा बघा, वर पातळ आवरण असतं, महाग असतात पण वर्षाचा हिशोब मांडला तर परवडतात, आणि त्या निकेल प्लेटेड आणि स्टेनलेस दोन्हीत मिळतात.

एक गोष्ट जी खरोखर स्टील की निकेल यावर ठरते ती मेसेजमध्ये आलीच नाही, ती म्हणजे अ‍ॅलर्जी. खोटे कानातले घातले की कान चिघळतात अशी एक तरी बहीण, मावशी प्रत्येक घरात असते, ते बहुतेक वेळा निकेलमुळे. अशा माणसाच्या बोटांना निकेलच्या तारांनी खाज, पुरळ येऊ शकतं. त्यांनी स्टेनलेस बघावं. स्वयंपाकघरातलं ३०४ स्टील असतं त्यात ८ टक्क्यांच्या वर निकेल असतं खरं, पण ते चुंबकाला चिकटत नाही, भांड्यांच्या दुकानात लोक चुंबक लावून बघतात ना, तेच. पिकअप चालतोच चुंबकावर, त्यामुळे तारेला चुंबकाला चिकटणारं स्टेनलेस लागतं, आणि ४३० सारख्या त्या जातीत निकेल जवळजवळ नसतं. फ्रेटमध्ये निकेल आहेच वर सांगितलं तसं, पण बोट घासतं तारेवर, फ्रेटला निसटता स्पर्श.

राहिला नवीन शिकणारा. त्याने निकेल प्लेटेड घ्यावं का? घ्यावं, घेतलं तर चांगलंच, बोटाला मऊ लागतं, खरखर कमी ऐकू येते, दुकानात सहज मिळतं. पण "चुकूनही स्टील नको" हे कशासाठी? त्या पोराला मी हेच सांगितलं की आहे ते स्टील राहू दे, आधी पाकिटावरची जाडी वाच, ४५ ते १००-१०५ च्या आसपास असेल तर ठीक, कोणाकडून तरी एकदा सेटअप (नेक आणि तारांची उंची जुळवणं) करून घे, आणि दोन महिने वाजव. नंतर त्याच जाडीचं प्लेटेड लावून बघ आणि जे हाताला बरं वाटेल ते ठेव. तर त्याने पाकीट शोधून फोटो पाठवला. "निकेल प्लेटेड स्टील, ४५-१०५." दुकानदाराने फक्त शेवटचा शब्द वाचून दाखवला होता.